मूठभर माती, चिमूटभर बोरॉन

घिवली हे पालघर जिल्ह्यातील तारापूर-बोईसर परिसरातील समुद्रकाठचे एक गाव. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून हा सारा किनारा नव्या जिल्ह्यात मोडतो. या पट्ट्यातील कोणत्याही गावी किनाऱ्यापासून पूर्वेकडे चालत निघालेल्या माणसाच्या पायाखाली थोड्याच अंतरात तीन तऱ्हेची जमीन येते. प्रथम लागते ती समुद्राने आणून टाकलेली रेताड पुळण व तिच्यावरील नारळाच्या वाड्या. त्यानंतर खाडीच्या अंगाची, भरतीच्या पाण्याने घडलेली चिकट, काळपट खाजणाची जमीन. आणि त्याही पलीकडे उंचवट्यावरील तांबूस, मुरमाड वरकस जमीन. तिन्ही जमिनींवर पाऊस सारखाच पडतो आणि तिन्हींवर वारा त्याच समुद्राचा वाहतो. तरीही पिकाला अत्यल्प प्रमाणात लागणारे एक मूलद्रव्य या तिन्ही ठिकाणी अगदी निरनिराळे वागते. ते मूलद्रव्य म्हणजे बोरॉन होय.

नारळाचे नवे पान नीट उलगडत नाही, ते आखूड व चुरगळलेले निघते, अशा वेळी झाडाला टाकणखार द्यावा असा सल्ला बागायतदारांना मिळतो. टाकणखारात बोरॉन असते आणि रेताड वाडीतील झाडाला त्याची उणीव भासत असेल, तर हा सल्ला योग्यच होय. परंतु एका वाडीत गुण आला म्हणून शेजारच्या खाजणातील शेतकऱ्याने तोच टाकणखार तितक्याच सढळ हाताने आपल्या शेतात टाकला, तर मात्र औषधाचे विष होऊ शकते आणि त्या विषाचा निचरा एका पावसाळ्यात होईलच असे नाही. असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर मातीच्या सर्वांत बारीक कणांमध्ये, म्हणजे चिकणमातीच्या खनिजांमध्ये दडलेले आहे.

टाकणखारातील मूलद्रव्य

बोरॉन हे नाव अपरिचित वाटले, तरी त्याची संयुगे घरोघरी माहीत असतात. सोनाराच्या दुकानात डाग देताना वापरला जाणारा टाकणखार किंवा सवागी हे बोरॉनचेच संयुग. कॅरम बोर्डवर भुरभुरली जाणारी बोरिक पावडर हे दुसरे. लडाखमधील पुगा खोऱ्यातील टाकणखार प्रसिद्ध आहे. पारंपरिक पद्धतीने कुंकू तयार करताना हळदीला टाकणखार आणि लिंबाचा रस लावण्याची रीत आहे. विशेष म्हणजे, मातीतील बोरॉन मोजण्याच्या एका प्रचलित पद्धतीतही हळदीतील कर्क्युमिन हा रंगद्रव्याचा घटकच वापरला जातो. बोरॉनच्या सान्निध्यात त्याला तांबडा रंग येतो आणि तो रंग किती गडद आहे यावरून बोरॉनचे प्रमाण ठरविले जाते.

तारापूर परिसरात बोरॉनचे नाव आणखी एका संदर्भात ऐकू येणे स्वाभाविक आहे. १९६९ मध्ये येथे भारतातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले आणि अणुभट्टीतील न्यूट्रॉन शोषून घेऊन तिचे नियमन करण्याच्या कामी बोरॉनचा उपयोग होतो. तथापि तो गुणधर्म अणूच्या गाभ्याचा आहे. शेतातील मातीत बोरॉन धरून ठेवण्याची जी क्रिया चालते ती साधी रासायनिक क्रिया असून तिचा अणुऊर्जेशी काहीही संबंध नाही. ग्रामसभेत असा प्रश्न निघाल्यास हा भेद स्पष्ट करून सांगितला पाहिजे.

वनस्पतींना बोरॉन आवश्यक आहे ही गोष्ट १९२३ मध्ये इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील संशोधिका कॅथरीन वॉरिंग्टन यांनी घेवड्याच्या वर्गातील पिकावर प्रयोग करून दाखवून दिली. पेशीभित्तिकेतील धागे एकमेकांशी सांधण्याचे काम बोरॉन करते, हे त्यानंतर सुमारे पाऊण शतकाने, म्हणजे १९९६ मध्ये, स्पष्ट झाले. वाढीचा कोंब, परागनलिका, फळधारणा या सर्व ठिकाणी नव्या पेशी वेगाने तयार होत असल्यामुळे बोरॉनची उणीव प्रथम तेथेच दिसते. कोंब खुरटतो, फुले येतात पण फळ धरत नाही, फळ तडकते. उलटपक्षी, बोरॉन अधिक झाल्यास ते पाण्याबरोबर पानाच्या टोकापर्यंत जाते, पाणी हवेत निघून जाते आणि बोरॉन तेथेच साचते. त्यामुळे जुन्या पानांची टोके व कडा करपतात. थोडक्यात, उणीव कोवळ्या कोंबात दिसते आणि अतिरेक जून पानाच्या कडेला दिसतो. एवढी खूण ग्रामसेवकांनी आणि कृषी सहायकांनी लक्षात ठेवली, तरी पुष्कळसा घोटाळा टळेल.

उणीव आणि अतिरेक यांतील अरुंद वाट

अन्य अन्नद्रव्यांच्या तुलनेत बोरॉनची अडचण अशी की, पुरेसे आणि अपायकारक यांमधील अंतर फार थोडे आहे. गरम पाण्यात विरघळून येणारे बोरॉन मोजण्याची पद्धत बर्जर व ट्रूओग या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये मांडली. त्या पद्धतीने मातीच्या दहा लाख भागांत अर्ध्या भागाहून कमी बोरॉन आढळल्यास सामान्यतः जमिनीत उणीव आहे असे समजतात. सिंचनाच्या पाण्याच्या बाबतीत पाहिले, तर लिंबासारख्या अतिसंवेदनशील पिकाला एका लिटरमध्ये अर्धा मिलिग्रॅम बोरॉनही त्रासदायक ठरू लागते. मूग व घेवडा यांना एक मिलिग्रॅमच्या आतबाहेर अपाय सुरू होतो. टोमॅटो मात्र याहून कितीतरी अधिक बोरॉन सहन करतो, तर कापसाची सहनशक्ती त्याहूनही मोठी असते.

आता एक साधा हिशेब पाहू. उणीव असलेल्या जमिनीस हेक्टरी दहा किलो टाकणखार दिला असे धरले, तर टाकणखारात सुमारे ११ टक्के बोरॉन असल्यामुळे एक किलोपेक्षा थोडे अधिक बोरॉन हेक्टरभर जमिनीत जाते. एका हेक्टरातील वरच्या पंधरा सेंटिमीटर थराचे वजन सुमारे बावीस लाख किलो भरते. म्हणजे एवढ्याशा मात्रेने मातीतील बोरॉन दशलक्ष भागांत अर्ध्या भागाने वाढते. उणिवेची जी मर्यादा वर सांगितली, तेवढीच ही वाढ होय. हेच प्रमाण गुंठ्यावर आणले, तर एका गुंठ्यास केवळ शंभर ग्रॅम, आणि एका चौरस मीटरला अवघा एक ग्रॅम टाकणखार पडतो. ज्या शेतकऱ्याने गुंठ्यास शंभर ग्रॅमऐवजी किलोभर टाकणखार टाकला, त्याने दहा पट मात्रा दिली असा त्याचा अर्थ होतो. युरियाची एक ओंजळ अधिक पडली तर पीक फार तर माजते. बोरॉनच्या बाबतीत ती सवलत नाही.

कण लहान, काम मोठे

मग ज्या जमिनीत टाकणखार पडला ती प्रत्येक जमीन सारखीच का वागत नाही? याचे कारण चिकणमाती हे आहे. वाळूचा कण डोळ्यांना दिसतो, परंतु चिकणमातीचा कण दोन सहस्रांश मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. तो गोल नसून पातळ पापुद्र्यासारखा असतो. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्सिजनयुक्त थरांची चळत रचून हे पापुद्रे बनलेले असतात. एका ग्रॅम चिकणमातीतील सगळे पापुद्रे उलगडून अंथरता आले, तर काही प्रकारांत त्यांचे क्षेत्रफळ सातशे चौरस मीटरांच्या घरात जाईल. म्हणजे चिमूटभर मातीत सुमारे सात गुंठे जमीन सामावलेली असते.

या पृष्ठभागावर पाण्यात विरघळलेली द्रव्ये येऊन चिकटतात. स्पंज पाणी आत ओढून घेतो त्याला शोषण म्हणतात. येथे द्रव्य कणाच्या केवळ पृष्ठभागाला धरून राहते, म्हणून या क्रियेस अधिशोषण असे नाव आहे. पापुद्र्याच्या सपाट अंगावर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे पोटॅश, चुना, मॅग्नेशियम यांसारखी धनभारित अन्नद्रव्ये तेथे धरून ठेवली जातात. नायट्रेट ऋणभारित असल्यामुळे ते तेथे टिकत नाही आणि पावसाच्या पाण्याबरोबर सहज वाहून जाते.

बोरॉन या दोन्ही रांगांत बसत नाही. सर्वसाधारण जमिनीत ते बोरिक आम्लाच्या स्वरूपात असते आणि त्याच्या रेणूवर कोणताही भार नसतो. मग ते मातीला धरून कसे राहते? त्याची जागा पापुद्र्याच्या सपाट अंगावर नसून तुटक्या कडांवर असते. पापुद्रा जेथे संपतो तेथे ॲल्युमिनियम व लोह यांना जोडलेले हायड्रॉक्सिल गट उघडे पडलेले असतात. बोरॉनचा रेणू अशा गटाशी प्रत्यक्ष रासायनिक बंध जोडतो आणि त्या देवघेवीत पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. विद्युतभाराच्या आकर्षणापेक्षा ही पकड निराळी आणि अधिक घट्ट असते. माणूस भिंतीला टेकून उभा राहणे आणि भिंतीच्या कोनाड्यातील खुंटीला हात घालून लटकणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे.

म्हणूनच केवळ पृष्ठभाग मोठा असून भागत नाही, कडा किती आणि कशा आहेत ते महत्त्वाचे ठरते. काळ्या जमिनीत विपुल आढळणाऱ्या माँटमोरिलोनाइट या खनिजाचा एकूण पृष्ठभाग सर्वांत मोठा, परंतु त्याचा बराचसा भाग पापुद्र्यांच्या आत, दोन थरांच्या मध्ये असतो आणि तेथे बोरॉनला जागा मिळत नाही. अभ्रकाशी नाते सांगणारे इलाइट हे खनिज पृष्ठभागाने लहान असूनही बोरॉन धरण्यात त्याच्याहून पुढे आहे. कोकणातील तांबड्या जमिनीत आढळणारे केओलिनाइट या तिघांत सर्वांत मागे पडते. मात्र तांबड्या मातीतील लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडेही बोरॉन धरतात व त्यांत ॲल्युमिनियमचे संयुग अधिक कार्यक्षम असते.

सामू, सुकणे आणि काळ

ही पकड नेहमी एकसारखी राहत नाही. जमिनीचा सामू वाढत गेला म्हणजे बोरॉनचे अधिशोषण वाढत जाते आणि चिकणमातीच्या खनिजांवर ते सुमारे ९ सामूच्या आसपास कमाल पातळीवर पोहोचते. त्यापुढे ते पुन्हा घटू लागते. आम्लयुक्त जमिनीला एकदम अधिक चुना दिल्यास पिकांत कधी कधी बोरॉनची उणीव दिसते, त्याचे एक कारण हेच आहे. चुन्यामुळे सामू वाढतो, ॲल्युमिनियमचे ताजे हायड्रॉक्साइड तयार होते आणि विरघळलेले बोरॉन त्याला जाऊन चिकटते. म्हणून चुना देणे चुकीचे नसले, तरी तो मापात आणि टप्प्याटप्प्याने दिला पाहिजे.

दुसरी गोष्ट ओल आणि वाळणे यांची. माती वारंवार ओली होऊन वाळत राहिली, की काही बोरॉन कडेवरून हळूहळू खनिजाच्या घडणीतच शिरते. विशेषतः इलाइटमध्ये हा प्रकार घडतो. एकदा आत शिरलेले बोरॉन साध्या पाण्याने सुटत नाही. समुद्रतळाशी लक्षावधी वर्षे साचत गेलेल्या गाळात बोरॉन इतके मुरलेले असते की, गोल्डश्मिट व पीटर्स या जर्मनीत काम करणाऱ्या संशोधकांनी १९३२ मध्ये बोरॉनचा अभ्यास प्रसिद्ध केल्यापासून, एखादा प्राचीन चिखल खाऱ्या पाण्यात साचला की गोड्या पाण्यात, हे ओळखण्यासाठी भूशास्त्रज्ञ त्यातील बोरॉनचा आधार घेत आले आहेत. सागरी चिखलापासून बनलेल्या खडकात दशलक्ष भागांमागे शंभराच्या आसपास बोरॉन आढळते, तर दख्खनच्या पठारासारख्या बसाल्ट खडकात ते पाच-सहा भागांच्याच घरात असते. सह्याद्रीचा खडक बोरॉनच्या बाबतीत गरीब आहे आणि समुद्राचा गाळ श्रीमंत आहे. घिवलीच्या परिसरात हे दोघे शेजारी शेजारी नांदतात.

खाजणाची कथा

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि साडेचार मिलिग्रॅम बोरॉन असते. मिठागरात पाणी आटवून मीठ काढून घेतले, तरी बोरॉन मिठाबरोबर जात नाही. ते मागे उरणाऱ्या दाट, कडवट पाण्यात साठत जाते. असे पाणी शेताच्या पाटात किंवा विहिरीजवळच्या खड्ड्यात सोडू नये, याचे हेही एक कारण आहे.

खाजणाची माती शतकानुशतके भरतीच्या पाण्यात भिजली आहे. अरबी समुद्राच्या भारतीय किनाऱ्यालगतच्या गाळात उत्तरेकडून सिंधू नदीने आणलेले इलाइट आणि दख्खनच्या नद्यांनी आणलेली माँटमोरिलोनाइटच्या वर्गातील खनिजे अशी दोन्ही आढळतात. म्हणजे बोरॉन पुरविणारे पाणी आणि ते धरून ठेवणारे कण, दोन्हीही एकाच जागी एकत्र आले. बांध घालून आणि उघाडी बसवून अशा जमिनी लागवडीखाली आणण्याची परंपरा कोकणात जुनी आहे. तिला कायद्याचे पाठबळ मिळावे म्हणून १९४८ मध्ये तत्कालीन मुंबई राज्यात खार जमिनींविषयीचा कायदा झाला आणि पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम अमलात आला. दापोली येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सहन करणारे 'पनवेल' या नावाचे भाताचे वाण शेतकऱ्यांना दिले.

बांधाने समुद्राचे पाणी अडविले, की पावसाळ्यात जमीन धुतली जाते. या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे दोन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. उघाडीतून ओहोटीच्या वेळी पाणी सोडून दिले, म्हणजे त्याबरोबर मीठ निघून जाते. भाताचे पीक उभे राहते आणि जमीन सुधारली असे सर्वांना वाटते. मिठापुरते ते खरेही असते. परंतु बोरॉन त्याच गतीने निघत नाही. मीठ द्रावणात असते, ते पाण्याबरोबर वाहते. बोरॉन कणांच्या कडांना धरून असते. द्रावणातील बोरॉन धुऊन गेले, की कणांवरील थोडे बोरॉन सुटून त्याची जागा घेते. यामुळे जेवढ्या पाण्याने मीठ निघते, त्याच्या दोन ते तीन पट पाणी बोरॉन काढण्यास लागते. इतकेच नव्हे, तर जमीन धुऊन काही महिने पडून राहिली, की द्रावणातील बोरॉन पुन्हा थोडे वाढलेले आढळते. पाऊस संपताच घेतलेला मातीचा नमुना त्यामुळे परिस्थिती आहे त्याहून बरी असल्याचे दाखवू शकतो.

येथे एक खुलासा करणे अगत्याचे आहे. किनाऱ्यावरील विहिरीत समुद्राचे पाणी शिरले, की पिकाला प्रथम मार बसतो तो मिठाचा. विहिरीच्या पाण्यात एक दशांश समुद्राचे पाणी मिसळले असे धरले, तर त्यात बोरॉन अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी भरेल, परंतु क्षार मात्र लिटरमागे साडेतीन ग्रॅम होतील, आणि एवढे क्षार बहुतेक पिकांना झेपत नाहीत. तेव्हा खाऱ्या पाण्याने करपलेल्या प्रत्येक पानाचा दोष बोरॉनकडे देणे बरोबर नाही. बोरॉनचा विचार करावयाचा तो मीठ धुऊन गेल्यानंतर. भातानंतर त्याच खाजणात मूग किंवा घेवडा घ्यावयाचा झाल्यास आणि मिठाचे प्रमाण ठीक असूनही जून पानांच्या कडा करपत असल्यास, तेव्हा बोरॉन तपासून घेतले पाहिजे.

धरलेले बोरॉन पिकाला दिसत नाही

असा प्रश्न विचारला जाईल की, मातीत बोरॉन साठलेलेच आहे, तर पीक तगते कसे? याचे उत्तर १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅचर, ब्लेअर व बोवर या अमेरिकी संशोधकांच्या घेवड्यावरील प्रयोगाने दिले. पीक प्रतिसाद देते तो मातीच्या पाण्यात विरघळलेल्या बोरॉनला. कणांवर धरून ठेवलेल्या बोरॉनची त्याला झळ लागत नाही. म्हणजे चिकणमाती ही गावच्या धान्यकोठाराप्रमाणे काम करते. आलेला माल ती आत ठेवून घेते, म्हणून बाजारात एकदम महापूर येत नाही. बाजार रिता झाला, की ती थोडा थोडा माल बाहेर सोडते, म्हणून एकदम दुष्काळही पडत नाही.

रेताड वाडीत हे कोठार नाही. तेथे दिलेला टाकणखार पहिल्याच मोठ्या पावसात मुळांच्या खाली निघून जातो. म्हणून तेथे उणीव वारंवार होते आणि थोडी थोडी मात्रा विभागून द्यावी लागते. परंतु रेताड जमिनीत धरून ठेवणारे कोणी नसल्यामुळे, कोरड्या दिवसांत एकदम दिलेली मोठी मात्रा सगळीच्या सगळी द्रावणात राहते आणि झाडाला लगेच बाधते. वरकस जमिनीत जोराच्या पावसाने बोरॉन धुपते, शिवाय मूळ खडकही गरीब. तेथे शेणखत, पालापाचोळा यांचा उपयोग दुहेरी होतो. कुजलेला सेंद्रिय अंश स्वतः बोरॉन धरतो आणि कुजताना ते हळूहळू पुरवितोही. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची या भागातील पद्धत पाहिली, तर लाकडाच्या राखेतही थोडे बोरॉन असते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

खाजणात मात्र कोठार मोठे आहे आणि बहुधा भरलेलेही आहे. तेथे वरून टाकणखार देणे म्हणजे भरलेल्या कोठारात आणखी पोती रचणे होय. कडांवरील जागा संपत आल्या, की पुढचे बोरॉन द्रावणातच राहते. एकाच गावात एकच खत एका शेतात औषध आणि दुसऱ्या शेतात अपाय ठरते ते असे.

गावाने काय करावे

या विवेचनातून निघणारा मुख्य निष्कर्ष एकच आहे आणि तो म्हणजे तपासणीवाचून टाकणखार देऊ नये. केंद्र शासनाची मृद आरोग्य पत्रिका योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्या पत्रिकेत ज्या बारा बाबींची नोंद केली जाते, त्यांत बोरॉनचा समावेश आहे. नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या आकड्यांवर पुष्कळांची नजर जाते, परंतु बोरॉनच्या रकान्याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. पंचायत सदस्यांनी आपापल्या प्रभागातील पत्रिका एकत्र आणून हा रकाना वाचला आणि गावाच्या नकाशावर पुळण, खाजण व वरकस असे तीन रंग भरून त्यांवर ते आकडे मांडले, तर गावाचा बोरॉनचा नकाशा फारशा खर्चाविना तयार होईल.

नमुना घेताना काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. तिन्ही प्रकारच्या जमिनींचे नमुने एकत्र मिसळू नयेत. कारण तिघांची सरासरी एकालाही लागू पडणार नाही. खाजणातील नमुना पावसाळा संपताच न घेता उन्हाळ्यात, पेरणीपूर्वी घ्यावा. खताच्या रिकाम्या पिशवीत माती भरू नये. प्रयोगशाळेतील उष्णतारोधक काचेच्या भांड्यांतही बोरॉन असते आणि ते द्रावणात उतरू शकते, म्हणून या तपासणीसाठी प्लॅस्टिकची किंवा बोरॉनविरहित भांडी वापरतात. आकडा अतिशय लहान असल्यामुळे एवढीशी हयगयही निष्कर्ष बिघडवू शकते.

उणीव निश्चित झाल्यावरच शिफारशीप्रमाणे मात्रा द्यावी आणि ती वजन करून द्यावी. मूठ हे बोरॉनचे माप होऊ शकत नाही, कारण एका मुठीत बसणारा टाकणखार कित्येक चौरस मीटर जमिनीचा वाटा असतो. मात्रा लहान असल्यामुळे ती कोरड्या मातीत किंवा चाळलेल्या शेणखतात मिसळून सारखी पसरावी, म्हणजे एका बुंध्याशी ढीग पडत नाही. पुन्हा देण्यापूर्वी पुन्हा तपासणी करावी. जेथे बोरॉन अधिक आढळेल, तेथे उघाडी सुस्थितीत ठेवणे, बांधाला पडलेली खिंडारे उधाणापूर्वी बुजविणे आणि पावसाचे गोडे पाणी शेतात मुरू देऊन मग सोडणे, हाच उपाय आहे. त्या जमिनीत काही हंगाम सहनशील पिके घेणे शहाणपणाचे ठरते. एका उधाणात बांध फुटला, तर मिठाबरोबर बोरॉनचा साठाही नव्याने भरला जातो आणि पूर्वीच्या कित्येक पावसाळ्यांचे काम वाया जाते. बांधाची दुरुस्ती हा म्हणूनच केवळ पाटबंधाऱ्यांचा प्रश्न नसून जमिनीच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

शिक्षकांना या विषयात मोठा वाव आहे. शाळेच्या अंगणात दोन कुंड्या मांडून एकीत पुळणीची वाळू आणि दुसरीत खाजणाची माती भरावी, दोन्हींत सारखेच पाणी ओतावे आणि खाली निथळणारे पाणी किती वेळात आणि किती येते ते विद्यार्थ्यांना मोजू द्यावे. बोरॉन डोळ्यांना दिसणार नाही, परंतु एक माती पाणी सोडून देते आणि दुसरी अडवून धरते, हे दिसेल. त्यावरून मातीतील कणांचा आकार आणि त्यांचा पृष्ठभाग यांचा धडा सहज समजावून देता येईल. ज्या मुलांची घरे वाडीत आहेत त्यांनी नारळाचे कोवळे पान पाहावे, ज्यांची शेती खाजणात आहे त्यांनी मुगाच्या जून पानाची कड पाहावी आणि वर्गात येऊन आपले निरीक्षण सांगावे. घरातील वडीलधाऱ्यांपर्यंत ही माहिती पोहोचविण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

कृषी विभागाचे अधिकारी, पंचायत आणि शाळा या तिघांनी एकत्र येऊन एका गावाचा जरी असा नकाशा तयार केला, तरी किनाऱ्यावरील इतर गावांना त्याचा उपयोग होईल. पालघरच्या किनाऱ्यावर पुळण, खाजण आणि वरकस यांची हीच मांडणी गावोगाव आढळते. घिवलीच्या शेतकऱ्याने टाकणखाराची पुडी उघडण्यापूर्वी आपल्या पायाखालची माती कोणती आहे, हे एकदा पाहून घेतले आणि पत्रिकेतील बोरॉनचा आकडा वाचला, तर वाडीतील नारळही सुधारेल आणि खाजणातील मूगही वाचेल.